दुखत नाही, तेच बघायचं

सकाळी सात

दिवसाचा पहिला फोन मुकादमाला. टोळी पहाटेच फडात गेलेली असते, पण मुकादम सातच्या सुमाराला टपरीवर चहाला सापडतो. माझं उपकेंद्र भूम तालुक्यातलं. दसरा झाला की इथली तरणी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं निघतात आणि माझ्या पाठपुराव्याच्या वहीतली निम्मी नावं ट्रकमध्ये बसून जातात.

त्यातलं एक नाव चाळिशीतल्या बाईचं. निघायच्या आठवड्यातच तिच्या डाव्या स्तनात, काखेकडच्या वरच्या भागात, मला गाठ लागली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीही बघितली आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची तपासणी असं सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. पण उचल घेऊन झाली होती, ट्रक दारात उभा होता. "दुखत न्हाई की ओ ताई, आल्यावर बघू," म्हणत ती चढली.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली स्तनाच्या कर्करोगासाठी तीन आकडे समोर ठेवले. बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून 60 दिवसांत रोग ठरला पाहिजे, किमान 60 टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडले पाहिजेत आणि 80 टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण झाले पाहिजेत. दसऱ्यापासून मोजलं तर आमच्या बाईचे 60 दिवस डिसेंबरातच उलटले. आता संक्रांतही झाली. हंगाम अजून बराच बाकी आहे.

"मॅडम, नवरा-बायको मिळून एक कोयता असतोय," मुकादम सांगतो. "तिचा खाडा पडला की दोघांचा धरावा लागतोय." त्याच्याशी भांडून उपयोग नसतो, कारण फोन त्याच्याकडं आहे. रात्री तिला फोनवर द्यायचं त्यानं कबूल केलं, तेवढं पदरात पाडून घेतलं.

नऊ

माझ्या हुद्द्याचं नाव समुदाय आरोग्य अधिकारी. बीएएमएस झाले, मग सहा महिन्यांचा कोर्स करून इथं आले. कागदावर सीएचओ, म्हाताऱ्यांची डॉक्टरीणबाई आणि बाकी सगळ्यांची ताई. सकाळची ओपीडी म्हणजे शुगर, बीपी, खोकला आणि टाके काढणं. त्यात आज पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, आईच्या आधारानं वाकून चालत आत आली. उजवी बाजू लाल, गरम, एका पट्ट्यात दगड झालेली. अंगात ताप. आईनं वरून हळदीचा लेप लावलेला.

"गाठ झालीया. कॅन्सर तर न्हाई ना?" आईनं पोरीच्या देखतच विचारलं.

दूध अडलं आणि त्यात सूज आली, एवढंच. लेप पुसून काढला. बाळाला त्या बाजूनं पाजणं बंद करू नका, जोर लावून चोळू नका, पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवा. ताप होता म्हणून डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या ते देतील. कोर्स संपूनही लाली उतरली नाही तर मात्र घरी बसायचं नाही, सोनोग्राफी करायची, हे आईला दोनदा बजावलं. कर्करोगाचा एक विरळा प्रकार असाच लाल होऊन येतो आणि गळू समजून त्यात महिने जातात.

दुखणारी गाठ घेऊन माणसं गाडी करून येतात. मला जी गाठ हवी असते ती बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळं तिला कुणी गाडी करून आणत नाही. माझं निम्मं काम या एका अडचणीभोवती फिरतं.

साडेदहा

आशाताई तिघींना घेऊन आल्या. आमच्या आशाताई वस्तीवर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात: तंबाखू, मिश्री, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर. पुढं लक्षणांचे प्रश्न. छातीत गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदललाय का. या प्रश्नांपाशी सासू ओट्यावर बसलेली असली तर सगळ्या सुना 'न्हाई' म्हणतात. म्हणून आशाताई हा भाग विहिरीवर किंवा गोठ्यात विचारतात. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची स्तनांची हातानं तपासणी दर 5 वर्षांनी व्हायला हवी. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, अशी तपासणी आयुष्यात कधी झाली का? देशभरात शंभरात एकसुद्धा 'हो' निघाली नाही. 0.9 टक्के.

या कामाला लागणारं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे पडदा. मी आले तेव्हा खोलीच्या खिडकीला काच होती आणि काचेपलीकडं लसीकरणाची रांग. जाड कापड मी स्वतः आणून लावलं. दाराला आतून कडी आहे, आत मी, ती बाई आणि तिला हवी असेल तर आशाताई. शिपायाला त्या वेळात दारावर थाप मारायची बंदी. आणि जानेवारीत आधी हात गरम पाण्यात बुडवून घ्यायचे. गार हात लागला की अंग आक्रसतं, बाई श्वास धरते आणि मग बोटांना काही कळत नाही.

आधी बसवून नुसतं बघायचं. हात मांडीवर, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर. दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक थोडी मोठी असतेच. बघायचं ते वेगळं. हात वर गेल्यावर कुठं खळी पडते का, कातडी जाड होऊन तिची छिद्रं उठून दिसतात का, स्तनाग्र आत ओढलंय का. आत असलेलं स्तनाग्र न्हातीधुती झाल्यापासून तसंच असेल तर काळजी नाही. अलीकडं आत गेलं असेल तर आहे.

मग झोपवायचं, त्या बाजूचा हात डोक्याखाली, खांद्याखाली फडक्याची घडी, म्हणजे स्तन छातीवर पसरतो. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी तपासायचं, टोकांनी नाही. एका जागी लहान गोल तीनदा: कातडीपुरता हलका, मग मधला, मग फासळीपर्यंत पोचणारा. बोटं उचलायची नाहीत, सरकवायची. काखेपासून सुरू करून उभ्या ओळींनी छातीच्या मधल्या हाडापर्यंत. वर हासळीचं हाड, खाली स्तनाची घडी संपेपर्यंत. काखेकडच्या वरच्या भागात सगळ्यात जास्त कर्करोग निघतात म्हणून तिथं घाई नाही. शेवटी काख आणि हासळीच्या वरचा खड्डा, तिथल्या गाठींसाठी. दोन्ही बाजूंना मिळून दहाएक मिनिटं लागतात. दोन मिनिटांत हात फिरवून 'नॉर्मल' लिहिता येतं आणि ते कुणाला कळतही नाही. वाईट तेच आहे.

तिघींपैकी दोघी ठीक होत्या. तिसरीला दोन्हीकडं सारखंच दाणेदार लागत होतं आणि पाळी चार दिवसांवर आलेली. पाळीआधी तसं लागतंच. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा ये म्हटलं, तेव्हा हाताला खरं काय ते कळतं. तिला ते आवडलं नाही. एकतर 'आहे' म्हणा नाहीतर 'नाही', असा तिचा चेहरा.

जाताना एकीनं मोबाइल पुढं केला. दर महिन्याला स्वतःची तपासणी कशी करायची याचा व्हिडिओ. "ह्ये करू का?" मी असला महिन्याचा अभ्यास कुणाला देत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांत अडीच लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. 2002 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच निघाले, शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या जास्त झाल्या. तेव्हा मी एवढंच सांगते: अंघोळ करताना हाताला नवीन काही लागलं तर महिना मोजत बसू नका, या. आपलं अंग आपल्याला ओळखीचं असावं, त्याची परीक्षा नको.

बारा

एका पोरीचा फोन, तेविशीतली. बोटाखालून निसटून पळणारी गुळगुळीत गाठ होती. सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढला, फायब्रोअडेनोमा निघाला. या वयात सगळ्यात जास्त सापडणारी गाठ हीच, आणि ती कर्करोग नव्हे. काढायलाच हवी असंही नाही, वाढते का तेवढं बघायचं. तिच्या लग्नाचं बघणं चाललंय, त्यामुळं पहिला प्रश्न "पोरगं बघायला येणाराय, सांगायचं का?" काय सांगायचं? गाठ साधी आहे, कागद जपून ठेव.

मग जेवण आणि पोर्टल, दोन्ही एकदम. टॅबला रेंज गच्चीवर येते. भाकरी गच्चीवरच खाल्ली. तपासणीला दहा मिनिटं आणि नोंदीला वीस, यावर मी पूर्वी चिडत असे. आता ज्वारीच्या हिरव्या रानाकडं बघत बसते, गोल फिरतो तोवर.

अडीच

ग्रामपंचायतीचं हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका नटून-थटून आपण होऊन एका ठिकाणी जमतात, असं वर्षात एरवी कधी होत नाही, म्हणून आरोग्य खातं या दिवसांवर टपून असतं. सरपंचबाईंनी वाण म्हणून स्टीलचे डबे आणले होते. उखाणे झाले, तिळगूळ वाटला, आणि मग "आता आपल्या मॅडम चार शब्द सांगतील." कुंकवाच्या करंड्याशेजारी उभं राहून स्तनांविषयी बोलायचं म्हणजे पहिली दोन मिनिटं पदराआडच्या हसण्यात जातात. जाऊ द्यायची. नंतर प्रश्न येतात ते बरे असतात. घट्ट ब्लाउजनं होतो का? नाही. मार लागल्यानं होतो का? नाही, मार लागल्यावर हात तिथं जातो आणि आधीचीच गाठ सापडते. पुरुषाला होतो का? होतो, शंभर रुग्णांत एखादा.

माझी नजर मात्र मांडवाच्या बाहेर. तपासणीसाठी मला पन्नाशीपुढच्या बायका जास्त हव्या आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींना या मांडवात बोलावणंच नाही. कपाळ मोकळं असलेली बाई हळदीकुंकवाला येत नाही. आली तर कोपऱ्यात सतरंज्या उचलायला.

वयाचा मुद्दा माझ्या मनचा नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 पासून वस्त्यांमधून हाच प्रयोग केला, मॅमोग्राफीशिवाय, नुसत्या हाताच्या तपासणीचा. 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, अशा चार फेऱ्या. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. निकाल 2021 साली 'बीएमजे'त छापून आला. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडत होता. सगळी वयं मिळून मृत्यू 15 टक्के कमी दिसले, पण तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले, आणि पन्नाशीच्या आत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. दहावी झालेल्या बाईला नीट शिकवलं तर तिच्या हातानं जीव वाचू शकतो, एवढं यातून कळलं. कुणावर हात ठेवायचा, तेही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आमच्या सरपंचबाईंना मी दरवर्षी आठवण करून देते. "पुढल्या साली बघू ताई," त्या म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मी तोवर डब्यातला तिळगूळ घेऊन घरोघर जाते.

चार

वस्तीवरच्या खव्याच्या भट्टीवर एक मावशी आहेत, साठीच्या जवळ. नवरा जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. या भागात दुधाचा खवा घरोघर होतो. मावशी दुसऱ्याच्या भट्टीवर कढईत उलथनं मारतात, दिवसभर धूर आणि आच. आशाताईंच्या फॉर्मवर सगळ्याला 'नाही' होतं. तिळगूळ हातावर ठेवला तर त्या आधी मागं सरल्या.

"मला कशाला, बाई? मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच बघायचं, मावशी."

खोलीत गोवऱ्या, वर चिमणीचा काळा पट्टा, दार लोटलं की अंधार. मोबाइलचा दिवा आशाताईंनी धरला. वाकळेवर त्यांना निजवलं. उजवी बाजू नीट. डावीकडं तिसऱ्या-चौथ्या ओळीत, मधला दाब देताना, बोटं अडली. चिंचोक्याएवढी, तशीच टणक, कडा वेड्यावाकड्या. निसटत नव्हती. काखेत एक लहान दाणा, तो खरा की भास हे ठरवायला मी तीनदा हात फिरवला. हात वर करायला सांगितल्यावर वरची कातडी किंचित आत ओढली गेली.

अशा वेळी चेहरा सांभाळावा लागतो. मावशी माझ्या बोटांकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

"हाय ती," त्याच म्हणाल्या. "औंदाच्या पावसाळ्यापास्नं हाय. दुखली असती तर आलेच असते की. भट्टी सोडून कशाला यायचं?"

गाठ आहे, हे मी स्पष्ट सांगितलं. कशाची आहे ते हातानं ठरत नाही, सुईनं ठरतं. साध्या गाठी खूप असतात, पण ही उद्या-परवा बघायलाच हवी अशी आहे, हेही सांगितलं. खोटा धीर दिला की माणूस घरी बसतो. सुईचं नाव काढताच त्या उठून बसल्या. सुई लावली की रोग अंगभर पसरतो, हे त्यांना भट्टीवरच कुणीतरी सांगितलेलं. या एका समजुतीनं किती बायका उशीर करतात! तसं होत नाही. नेमकं निदान झाल्याशिवाय डॉक्टर उपचार ठरवूच शकत नाहीत. आशाताईंनी स्वतःच्या जावेचं उदाहरण दिलं. ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागू पडलं.

साडेपाच

मग खरं काम सुरू होतं, आणि ते डॉक्टरकीचं अजिबात नाही. कोण जाणार बरोबर? लेक पुण्यात वॉचमन, सुनेचं पोर लहान. शेवटी आशाताईच. रेशनकार्ड, आधार, दोन्हीवर नाव एकसारखं आहे का? नव्हतं. एकावर नवऱ्याचं नाव, एकावर बापाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्या दारापर्यंत पोचायला आधी रोग ठरायला हवा. गरीब बाई अडते ती बहुतेक अलीकडंच, गाडीभाडं आणि बुडालेला रोज यांत.

आम्हाला बार्शी जवळ, हे या भागाचं नशीब. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही 1987 साली बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन माणसांनी रुग्ण मोजले. आमच्या भागातली म्हातारी माणसं 'नोंदणीवाले' अजून ओळखतात. कर्करोग हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला ती वही पुरेशी आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला 1 लाख 92 हजारांच्या आसपास बायकांना स्तनाचा कर्करोग होतो आणि 98 हजारांच्या आसपास दगावतात. निम्म्याहून थोड्या जास्तच. याचं मोठं कारण उशीर.

मावशींना मॅमोग्राफीचं आधीच सांगून ठेवलं: दोन पाट्यांमध्ये स्तन दाबतात, चार-पाच सेकंद कळ लागते, दोन्ही बाजूंचे वरून एक आणि तिरका एक असे फोटो. त्या दिवशी काखेत पावडर लावायची नाही, तिचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि डॉक्टर फसतात. पन्नाशीपुढं स्तनात चरबी जास्त, म्हणून फोटो स्वच्छ येतो. तरण्या पोरींना आधी सोनोग्राफी ती याचसाठी. हात, फोटो आणि सुई, तिघांचं म्हणणं जुळलं पाहिजे. फोटो साफ आला तरी हाताला गाठ लागत असेल तर सुई झाल्याशिवाय परत यायचं नाही, हे आशाताईंना वेगळं सांगितलं, कारण "फोटोत काही नाही" म्हणून परत आलेली माणसं मी बघितलीत.

रात्री नऊ

मुकादमानं शब्द पाळला. पाठीमागं ट्रॅक्टरचा आवाज, कोपीत रडणारं पोर.

"पहिल्यापरीस मोठी लागतीया, ताई. दुखत न्हाई पर."

काखेत काही लागतं का, कातडी बदलली का, विचारत गेले. बदलली होती. परवा कारखाना साफसफाईला बंद, ऊस उचलणार नाहीत, तेव्हा तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाता येईल असं मुकादम म्हणाला. आमच्या सीएचओंच्या ग्रुपवर तिकडच्या एकीचा नंबर सापडला, ती गेटवर उभी राहणार आहे. पण सुईचा रिपोर्ट घ्यायला आठवड्यानं पुन्हा जावं लागेल आणि तो खाडा पडणारच.

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी ट्रकमध्येच कुठंतरी गेली होती. वहीतल्या पानाचा फोटो पाठवते म्हटलं, तर नवऱ्याचा फोन बटणाचा. राहिला मुकादमाचा. त्यावर पाठवायचं म्हणजे तो सगळं वाचणार. पाठवू का, असं मी तिलाच विचारलं.

"पाठवा की," ती म्हणाली. "वाचू द्या त्याला. खाडा धरायच्या आधी तरी वाचंल."